प्रत्यारोपणानंतर शरीराने अवयव खरंच स्वीकारला का? तपासण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या ज्या मराठी घरांत कुणाची किडनी किंवा लिव्हर बदललेली आहे, त्यांतली बरीचशी मंडळी ऑपरेशनसाठी अहमदाबाद किंवा नडियादला जातात आणि नंतरच्या रक्ततपासण्या रावपुरा, सयाजीगंज, अलकापुरीत करतात. रिपोर्ट इथे येतो, तो वाचणारे डॉक्टर तिथे असतात, आणि मधल्या दोन दिवसांत घरात प्रश्न साठत जातात. हे पान त्या प्रश्नांसाठी आहे. उत्तरं मुख्यतः किडनीबद्दल आहेत. लिव्हरचं गणित वेगळं असल्याने त्याचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

पाच वर्षं झाली, क्रिएटिनिन 1.1 आहे. म्हणजे शरीराने किडनी स्वीकारली ना?

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, तो कमी म्हणजे किडनी उत्तम चालली आहे, एवढं नक्की म्हणता येईल. पण 1.1 हा आकडा तीन वेगवेगळ्या परिस्थितींत येऊ शकतो. पहिली, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून धरली आहे आणि म्हणून सगळं शांत आहे. बहुतेकांचं असंच असतं. दुसरी, शरीराने खरोखरच परका अवयव आपला मानला आहे. हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तिसरी, आत हळूहळू रिजेक्शन, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अवयवावरचा हल्ला, सुरू झालं आहे, पण किडनीची राखीव ताकद मोठी असल्याने क्रिएटिनिनमध्ये ते अजून उमटलेलं नाही. रुग्णाला या तिन्हींत सारखंच बरं वाटतं. पुढच्या तपासण्या मुख्यतः तिसरी परिस्थिती वेळेत पकडण्यासाठी आहेत.

मग खरी सहनशीलता कशाला म्हणतात?

प्रतिकारशक्ती दाबणारी सगळी औषधं बंद होऊन निदान एक वर्ष झालं आहे, अवयवाचं काम स्थिर आहे, रिजेक्शनची खूण नाही, आणि बाकी जंतुसंसर्गाशी शरीर नेहमीसारखं लढतं आहे, अशा अवस्थेला डॉक्टर ‘ऑपरेशनल टॉलरन्स’ म्हणतात. गोळ्या चालू असताना कुणाला ‘टॉलरंट’ म्हणता येत नाही.

ही कल्पना जुनी आहे. जन्माआधी परक्या पेशी मिळालेले उंदीर मोठे झाल्यावर त्याच दात्याची त्वचा नाकारत नाहीत, हे पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी 23 डिसेंबरला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. ते जुळ्या भावांमध्ये होतं, तेही एकाच बीजापासून झालेल्या, त्यामुळे परकेपणाचा प्रश्नच आला नाही. आपल्याकडे आई, बहीण, पत्नी किडनी देते, तेव्हा तो प्रश्न असतोच. आईकडून मुलाला अर्धी जनुकं आलेली असतात, उरलेली अर्धी शरीराला परकीच असतात.

शरीरात आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चं नोबेल मिळालं. सहनशीलतेवरच्या आजच्या बऱ्याच प्रयोगांचा आधार याच पेशी आहेत.

एखादी रक्ततपासणी करून ‘आता गोळ्या बंद’ असं सांगता येतं का?

नाही. आज कुठल्याही दवाखान्यात अशी तपासणी नाही. गोळ्या न घेताही ज्यांची किडनी टिकली, अशा थोड्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास अमेरिका आणि युरोपातल्या गटांनी केला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यात बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी), विशेषतः कोवळ्या बी पेशींच्या, खुणा जास्त आढळल्या. सगळ्यांना मोठी आशा वाटली. मग लक्षात आलं की स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन या औषधांनीच बी पेशी कमी होतात. ज्यांची तुलना केली ते रुग्ण गोळ्या घेत होते आणि ‘सहनशील’ रुग्ण घेत नव्हते. त्यामुळे दिसलेला फरक किती सहनशीलतेचा आणि किती औषध नसण्याचा, हे वेगळं काढणं अवघड झालं.

‘माझ्या ओळखीतल्या एकाने गोळ्या सोडल्या, त्याला काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतात. ज्यांनी सोडल्या आणि जे पुन्हा डायलिसिसवर आले, ते असं सांगायला तुमच्यापर्यंत येत नाहीत. कृपया कुणाच्याही सांगण्यावरून एकही डोस कमी करू नका. गोळ्या सोडल्यावर रिजेक्शन पहिल्याच आठवड्यात येईल असं नाही. ते सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनीही येतं, आणि तेव्हा आलेलं अँटिबॉडीचं रिजेक्शन औषधांना फारसं दाद देत नाही.

मग एवढ्या तपासण्या कशासाठी?

त्या चार प्रश्नांची उत्तरं देतात. औषध रक्तात पुरेसं आणि सारखं आहे का? शरीर दात्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागलं आहे का? अवयवाला इजा होते आहे का? आणि प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त दाबली जात नाही ना? चौथा प्रश्न घरचे सहसा विचारत नाहीत. तो तितकाच महत्त्वाचा आहे.

टॅक्रो लेव्हलचा नमुना नेमका कधी आणि कसा द्यायचा?

टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारं मुख्य औषध. त्याची तळाची पातळी मोजायची असते, म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीची. रात्री 9 ला गोळी घेतली असेल तर सकाळी 9 च्या आसपास, गोळी न घेता रक्त द्यायचं, आणि नळी भरली की लगेच गोळी घ्यायची. म्हणून गोळी खिशात घेऊनच लॅबमध्ये जा. दिवसातून एकदाच घ्यायची लांब पल्ल्याची गोळी असेल, तर 24 तासांनी रक्त द्यायचं.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक अशी: सवयीने सकाळी चहाबरोबर गोळी घेतली जाते आणि मग माणूस रक्त द्यायला जातो. गोळीनंतर 1 ते 3 तासांत औषध शिखरावर असतं, त्यामुळे आकडा दुप्पटही येऊ शकतो. डॉक्टरांना हे कळलं नाही, तर ते डोस कमी करतात. पुढच्या वेळी लेव्हल घसरलेली दिसते आणि धावपळ सुरू होते. चुकून गोळी घेतली असेल तर नमुना देऊ नका, दुसऱ्या दिवशी या. नाइलाज असेल तर शेवटचा डोस आणि नमुना या दोन्हींची वेळ फॉर्मवर लिहून घ्या.

नमुना जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत, 2–3 मिली. हे औषध बहुतांश लाल पेशींत बसलेलं असतं, म्हणून तपासणी पूर्ण रक्तावर होते. नळी फिरवून पाणी वेगळं काढायचं नाही. नमुना अहमदाबाद किंवा मुंबईला कुरिअरने गेला तरी बिघडत नाही, हे औषध त्या नळीत काही दिवस टिकतं. (मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत मात्र नळी ठेवू नका.) हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर आकडा थोडा कमी दिसतो. तेव्हा रिपोर्टबरोबर हिमोग्लोबिनही सांगा.

शक्यतो प्रत्येक वेळी एकच लॅब ठेवा. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलेला आणि इम्युनोअसेने मोजलेला आकडा सारखा नसतो, दुसऱ्या पद्धतीत तो सहसा वर असतो. नडियादला 6.1 आणि बडोद्यात 7.0 आलं, तर लेव्हल वाढली असं समजू नका, आधी पद्धत विचारा.

लेव्हल किती हवी?

अनेक केंद्रं पहिल्या तीन महिन्यांत साधारण 8–10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि वर्षानंतर 5–8 ठेवतात. तुमचं लक्ष्य तुमच्या जुळणीवर, आधीच्या रिजेक्शनवर आणि इतर औषधांवर ठरतं. शेजारच्या काकांचा आकडा तुम्हाला लागू नाही.

डोस तोच आहे, तरी लेव्हल वर-खाली का होते?

यकृत आणि आतड्यातलं एक एन्झाइम हे औषध मोडतं. कुणाचं ते जन्मतःच जोरात चालतं. सीवायपी3ए5 हे जनुक चालू असलेल्यांना तीच लेव्हल गाठायला दीड ते दोन पट डोस लागतो. ते घाबरण्याचं कारण नाही.

या एन्झाइमला अडवणारी औषधं लेव्हल वर ढकलतात: फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल या बुरशीच्या गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम. ग्रेपफ्रूट आणि पपनसही तेच करतात. पपनस आपल्याकडे प्रसाद म्हणून हातात येतं, तिथे लक्ष ठेवा. मोसंबी, संत्रं चालतं. रोजच्या भाजीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

उलट बाजूला फिट्सवरचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, आणि सर्वांत जास्त रिफॅम्पिसिन. क्षयरोग आपल्याकडे आहेच. प्रत्यारोपण झालेल्याला टीबीचं औषध सुरू झालं आणि त्यात रिफॅम्पिसिन असेल, तर आठवड्याभरात लेव्हल कोसळू शकते आणि डोस कित्येक पट वाढवावा लागतो. म्हणून अनेक ठिकाणी त्याऐवजी रिफाब्युटिन वापरतात. टीबीचा डॉक्टर आणि किडनीचा डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोललेले आहेत, याची खात्री झाल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. आणि टीबीचा कोर्स संपेल तेव्हाही बोला, कारण रिफॅम्पिसिन थांबलं की काही आठवड्यांत तोच वाढवलेला डोस विषारी ठरतो.

जुलाबात लेव्हल घसरेल असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा ती वाढते, कारण औषध मोडणारं आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं. पावसाळ्यात रस्त्यावरच्या सेव-उसळीनंतर जुलाब लागले, तर दोन गोष्टी एकदम होतात: पाणी कमी झाल्याने क्रिएटिनिन वाढतं आणि लेव्हलही वाढते. दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब चालले तर दोन्ही तपासा.

गोळीची कंपनी बदलली तरीही आठवड्याभरात लेव्हल करा. औषधवाल्याने ‘तेच आहे, फक्त नाव वेगळं’ म्हटलं तरी करा.

गुळवेल, अश्वगंधा, ‘इम्युनिटी बूस्टर’ काढे घेऊ नका. आपण जी शक्ती प्रयत्नपूर्वक दाबली आहे तीच चेतवण्याचा दावा ते करतात. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतात आहेत.

आमची सरासरी लेव्हल 7 आहे, बरोबर लक्ष्यात. तरी डॉक्टर नाखूश का?

सरासरीमागचे चढउतार पाहून. दोन रुग्णांच्या ओळीने पाच लेव्हल घेऊ.

पहिला: 7.2, 6.8, 5.1, 9.6, 6.3
दुसरा: 4.1, 9.8, 5.2, 11.0, 4.9

दोघांचीही सरासरी 7.0 आहे. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढून प्रमाण विचलन काढलं (फरकांच्या वर्गांची बेरीज, तिला 4 ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येपेक्षा एक कमीने, भागून वर्गमूळ), तर पहिल्याचं साधारण 1.65 येतं आणि दुसऱ्याचं 3.16. त्याला सरासरीने भागून 100 ने गुणलं की पहिल्याचा चढउतार सुमारे 24 टक्के आणि दुसऱ्याचा 45 टक्के. 30 च्या वर गेलेल्या रुग्णांत नव्या अँटिबॉडी आणि अवयव गमावण्याचं प्रमाण जास्त आढळतं. प्रत्येक वेळी 4 वर उतरलं की प्रतिकारशक्तीला दात्याकडे पाहायला फट मिळते, आणि प्रत्येक वेळी 11 वर गेलं की तेच औषध किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं.

हे गणित घरी करता येतं आणि आमच्या मते प्रत्येक घराने करावं. मागच्या सहा ते बारा महिन्यांच्या, डोस न बदललेल्या काळातल्या लेव्हल घ्या. 30 च्या वर येत असेल तर स्वतःला दोष देण्याआधी कारण शोधा. वेळ चुकते का? कधी उपाशीपोटी, कधी भरपेट जेवणावर गोळी घेतली जाते का? तेलकट जेवणाबरोबर औषध कमी शोषलं जातं. उपाशीपोटी घेत असाल तर नेहमी उपाशीपोटीच घ्या.

क्रिएटिनिन किती वाढलं की फोन करायचा?

तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा 20–25 टक्के. नेहमी 1.2 असेल तर 1.5 ला फोन करा, मग लॅबच्या कागदावर ते काळ्या अक्षरांत छापलेलं असो की लाल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. मधल्या काळात डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामक घेतली असतील तर तसं सांगा.

किडीगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात वेळापत्रक असं आहे: पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला, चौथ्या ते सहाव्या महिन्यात पंधरा दिवसांनी, वर्ष संपेपर्यंत महिन्यातून एकदा, आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी. लघवीतलं प्रथिन पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तरी. प्रथिनाची तपासणी लोक टाळतात. ती स्वस्त आहे आणि जुनाट रिजेक्शन कधी कधी तिथे आधी दिसतं.

डीएसएचा रिपोर्ट कसा वाचायचा?

एचएलए म्हणजे पेशींवरच्या त्या खुणा, ज्यांवरून शरीर आपलं आणि परकं ओळखतं. डीएसए म्हणजे दात्याच्या पेशींवरच्या एचएलए खुणांविरुद्ध तुमच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी. या तपासणीत बारीक मणी असतात आणि प्रत्येक मण्यावर एकच एचएलए खूण चिकटवलेली असते. तुमचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) त्यांवर टाकलं की ज्या खुणेविरुद्ध अँटिबॉडी आहे तो मणी चमकतो. किती चमकला तो आकडा म्हणजे एमएफआय.

एमएफआय हे प्रमाण नव्हे, चमक आहे. एका लॅबमध्ये 800 आणि दुसरीत 1400 येऊ शकतं. अनेक लॅब 1000 च्या आसपास रेषा ओढतात, पण एका आकड्यावर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. त्याच लॅबमध्ये तीन-चार महिन्यांनी काढलेला दुसरा आकडा कुठल्या दिशेला चालला आहे, हे जास्त सांगतं.

इथे एक उलटं घडतं. अँटिबॉडी फारच जास्त असतील तर मणी कमी चमकतो, कारण रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं मधे येतात. याला प्रोझोन म्हणतात. किडनी बिघडते आहे, संशय पक्का आहे आणि एमएफआय मात्र किरकोळ, असं दिसलं तर सीरम पातळ करून किंवा त्यात ईडीटीए घालून पुन्हा तपासायला सांगतात.

आणि आता ती गोष्ट, जी जुन्या रुग्णांच्या फाइलमध्ये वारंवार अडते. प्रत्यारोपणानंतर नव्याने होणाऱ्या अँटिबॉडी बहुतेक वेळा एचएलएच्या दोन वर्गांपैकी दुसऱ्या वर्गाच्या, आणि त्यांतही डीक्यू नावाच्या खुणेविरुद्ध असतात. जुन्या जुळणीच्या रिपोर्टमध्ये दात्याचं टायपिंग, म्हणजे एचएलए खुणांची ओळख, फक्त ए, बी आणि डीआरचं असतं. मग लॅब ‘डीक्यू7 विरुद्ध अँटिबॉडी आहे’ एवढं सांगते, पण दात्याला डीक्यू7 आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं आणि ती डीएसए आहे की नाही ते ठरत नाही. दाता घरातलाच असेल तर त्याचं पूर्ण टायपिंग आत्ताच करून ठेवा. ईडीटीए नळीत थोडं रक्त किंवा गालाच्या आतली काडी पुरते. वेळ आली की दाता परदेशी मुलाकडे गेलेला असतो.

डीएसएसाठी नमुना साध्या लाल झाकणाच्या नळीत, 5 मिली. आयव्हीआयजी किंवा एटीजी (दोन्ही अँटिबॉडीची इंजेक्शनं) दिलं असेल, तर तपासणी फसवी होऊ शकते, म्हणून नमुना शक्यतो औषध देण्याआधी घ्यावा आणि नंतर घेतला तर तारीख लिहावी.

ज्या बाईला मुलं झाली आहेत आणि पतीच तिचा दाता आहे, तिच्यात ही तपासणी विशेष काळजीने करतात. बाळामार्फत पतीच्या खुणांची तिच्या शरीराला आधीच ओळख झालेली असते. पूर्वी रक्त चढवलेल्यांचंही असंच.

सगळे रिपोर्ट चांगले असताना बायोप्सी कशाला?

कारण इजा प्रत्यक्ष दिसते ती तिथेच. काही केंद्रं तीन महिन्यांनी किंवा वर्षाने ठरवून बायोप्सी करतात, आणि क्रिएटिनिन चांगलं असलेल्यांतही कधी कधी लपलेलं रिजेक्शन सापडतं. डीएसए आली असेल, तर आमच्या मते बायोप्सीला नकार देऊ नये.

बदललेली किडनी जांघेच्या वर, कातडीखाली उथळ बसवलेली असते, म्हणून ही बायोप्सी मूळ किडनीपेक्षा सोपी. सोनोग्राफीवर पाहत, जागा बधिर करून, 16 किंवा 18 गेजच्या सुईने सहसा दोन तुकडे घेतात. नमुना पुरेसा म्हणायला निदान 10 ग्लोमेरुलस (किडनीतले रक्त गाळणारे बारीक गुच्छ) आणि 2 धमन्या हव्यात. त्याहून कमी असतील तर ‘रिजेक्शन नाही’ या निष्कर्षावर फार भर देऊ नका. निदानाची भाषा जगभर बॅन्फ वर्गीकरणाची आहे. कॅनडातल्या बॅन्फ गावी 1991 मध्ये तज्ज्ञ पहिल्यांदा जमले, त्यावरून ते नाव. रिपोर्टमध्ये ‘सी4डी’ पॉझिटिव्ह असेल तर अँटिबॉडीने रक्तवाहिन्यांना हात घातल्याची ती खूण.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आधी सांगा. ते किती दिवस थांबवायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं. नंतर काही तास पडून राहायचं आणि लघवीचा रंग पाहायचा. गुठळ्या दिसल्या किंवा लघवी अडली तर लगेच सांगायचं.

रक्तातल्या दात्याच्या डीएनएची नवीन तपासणी करावी का?

किडनीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए रक्तात सांडतो. एकूण मोकळ्या डीएनएत दात्याचा वाटा किती, ते टक्क्यांत सांगतात. किडनीसाठी बहुधा 1 टक्का ही रेषा धरतात. हा डीएनए रक्तात तास-दोन तासांतच निम्मा होतो, म्हणून इजा ताजी आहे का हे कळतं. क्रिएटिनिनपेक्षा हे लवकर बोलतं. पण इजा रिजेक्शनची, बीके विषाणूची (त्याबद्दल पुढे) की आणखी कशाची, हे ते सांगत नाही. आणि आकडा कमी आला म्हणून कुणी सहनशील ठरत नाही.

शिवाय टक्केवारी हे गुणोत्तर आहे. रुग्णाला जोराचा जंतुसंसर्ग असेल तर त्याचा स्वतःचा डीएनए रक्तात वाढतो आणि दात्याचा टक्का खोटा कमी दिसतो. म्हणून ताप असताना ही तपासणी नको. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे, नुकतंच रक्त चढवलेलं, गर्भारपण, जुळा दाता, आधीचं दुसरं प्रत्यारोपण: या सगळ्यांत आकडा फसवतो. दाता सख्खा नातेवाईक असेल तर दोघांच्या डीएनएतला फरक ओळखण्याच्या जागा कमी मिळतात, तेव्हा फॉर्मवर नातं लिहाच. नमुना पेशी फुटू न देणाऱ्या खास नळीत लागतो, साध्या ईडीटीएत नाही, आणि तो गोठवायचा नाही. खर्च बराच आहे. आमचा सल्ला असा की डीएसए आली आहे पण बायोप्सी करावी की नाही अशी द्विधा आहे, तिथे ही तपासणी उपयोगी पडते. दर महिन्याला हौसेने करण्याची नाही.

एलिस्पॉट, एमएलआर, टी-रेग काउंट वगैरे?

एलिस्पॉटमध्ये दात्याच्या पेशी दाखवल्यावर तुमच्या किती टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्याचे ठिपके मोजतात. कल्पना नेमकी आहे. पण त्यासाठी दात्याच्या जिवंत गोठवलेल्या पेशी लागतात आणि तुमचं रक्त काही तासांत प्रक्रियेला जावं लागतं. रात्रीच्या कुरिअरने गेलेल्या नमुन्यात पेशी दमलेल्या असतात आणि ठिपके कमी येतात. एमएलआरमध्ये तुमच्या आणि दात्याच्या पेशी एकत्र ठेवून पाहतात, त्याला पाच ते सात दिवस पेशी वाढवाव्या लागतात. टी-रेगची, म्हणजे नियामक टी पेशींची, नुसती संख्या औषधांनी बदलते. या तिन्ही संशोधनाच्या पातळीवर आहेत. कुणी त्यांच्या जोरावर डोस कमी करायला सांगत असेल, तर दुसरं मत घ्या.

प्रतिकारशक्ती जास्त दाबली गेली आहे हे कसं कळतं?

बीके विषाणू बहुतेकांच्या शरीरात निजलेला असतो. औषध जास्त झालं की तो किडनीतच जागा होतो आणि क्रिएटिनिन वाढवतो. त्याचा उपचार औषध कमी करणं आणि रिजेक्शनचा उपचार औषध वाढवणं, म्हणून दोघांत गल्लत झाली तर किडनी जाते. रक्तातला बीके पीसीआर पहिले काही महिने दरमहा आणि नंतर तीन-तीन महिन्यांनी करतात. 10,000 प्रती प्रति मिलीच्या वर गेला की औषध उतरवण्याचा निर्णय होतो, 1000 च्या वर टिकून राहिला तरी आता अनेकजण तो घेतात. सीएमव्ही नावाचा दुसरा विषाणूही पाहतात.

टॉर्क टेनो नावाचा, कुठलाही रोग न करणारा विषाणू हल्ली मोजमापासाठी अभ्यासला जातो. शक्ती जितकी दबलेली तितका तो वाढतो. किडनीच्या रुग्णांत साधारण 10 लाख ते 10 कोटी प्रती प्रति मिली हा पट्टा धरून युरोपात डोस ठरवण्याचे प्रयोग झाले आहेत. एकाच मोजणीत दोन्ही बाजूंचा, शक्ती कमी दबल्याचा आणि जास्त दबल्याचा, अंदाज मिळू शकतो, म्हणून ती आम्हाला आशादायक वाटते.

अहमदाबादमध्ये मूळपेशी देऊन गोळ्या कमी करत असत, ते काय होतं?

डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी असारव्यातल्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये हे काम उभं केलं. दात्याच्या अस्थिमज्जेतल्या आणि चरबीपासून वाढवलेल्या मूळपेशी ते यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून देत, म्हणजे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला दात्याची ओळख ‘आपला’ म्हणून व्हावी. अनेक रुग्णांत औषधाचं प्रमाण पुष्कळ कमी ठेवता आलं. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019 मध्ये ते गेले. बोस्टनच्या गटाने 2008 मध्ये किडनीबरोबर अस्थिमज्जा दिलेले पाच रुग्ण जाहीर केले, त्यांतल्या चौघांची औषधं बंद झाली होती. या प्रयोगातल्या काहींना पुढे ती परत सुरू करावी लागली. सहनशीलता एकदा आली की कायमची असं नाही, म्हणून तपासण्या तिथेही थांबत नाहीत.

तुमचं ऑपरेशन त्या पद्धतीने झालं असेल आणि औषध मुळातच कमी असेल, तर नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ते सांगा. नाहीतर तुमची 4 ची लेव्हल पाहून डोस वाढवला जाईल.

लिव्हरवाल्यांच्या गोळ्या बंद होतात म्हणे?

लिव्हर अधिक सोशिक अवयव आहे. आईवडिलांकडून लिव्हर मिळालेल्या निवडक 20 मुलांपैकी 12 जणांची औषधं सुरक्षित बंद करता आली, असा अमेरिकेतला अभ्यास 2012 मध्ये आला. युरोपात 2013 मध्ये 98 प्रौढांपैकी 41 जणांची झाली. हे सगळे निवडलेले, वर्षानुवर्षं स्थिर आणि आधी बायोप्सी केलेले होते, आणि डोस महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने उतरवला होता. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल असतानाही लिव्हरमध्ये चट्टे वाढू शकतात, म्हणून बंद केल्यानंतरही बायोप्सी लागते. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

नवरात्र, पूर, प्रवास: गोळीचं काय?

रात्री 9 ची गोळी आणि 9 लाच गरबा सुरू, हे बडोद्यात दरवर्षीचं आहे. एक डोस पर्समध्ये ठेवा आणि मोबाइलला गजर लावा. नऊ रात्री गोळी साडेअकराला आणि सकाळची नेहमीच्या 9 ला घेतली, तर त्या काळातली लेव्हल काहीच सांगत नाही. तपासणी दसऱ्यानंतर, नेहमीची वेळ चार-पाच दिवस पाळून करा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कित्येक भागांतून दिवसच्या दिवस बाहेर पडता आलं नाही. जूनपासून दोन आठवड्यांच्या जादा गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर ठेवा. पुराच्या पाण्यात उतरू नका आणि पाणी उकळूनच प्या.

डोस चुकला तर पुढचा दुप्पट घ्यायचा नाही. दोन-चार तासांत आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर केंद्राला फोन करा आणि वहीत नोंद करा.

कोणत्या लसी घ्यायच्या?

फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी या निष्क्रिय लसी घ्याव्यात. गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी नकोत. पहिल्या काही महिन्यांत कधी सुरुवात करायची ते केंद्र सांगेल.

डॉक्टरांकडे जाताना फाइलमध्ये काय हवं?

वर रुग्णाचं आणि दात्याचं पूर्ण एचएलए टायपिंग, दोघांचं नातं आणि ऑपरेशनची तारीख. त्याखाली एकाच पानावर तक्ता: तारीख, टॅक्रोचा डोस, शेवटच्या गोळीची वेळ, नमुन्याची वेळ, लेव्हल, लॅब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, आणि शेवटचा रकाना ‘त्या आठवड्यात काय झालं’. जुलाब, नवीन प्रतिजैविक, लग्नाचा प्रवास, कंपनी बदलली, सगळं त्या रकान्यात लिहा. डीएसएचे रिपोर्ट मूळ आकड्यांसह ठेवा, ‘निगेटिव्ह’ एवढाच शब्द असलेला कागद पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडत नाही. बायोप्सीचा काच-नमुना आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे, ते कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.